घडी न मोडलेल्या सोळा साड्या

लोहारा,
१८ मार्च

प्रिय बलभीम,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतोस, अन् पुढं तोंडाला कुलूप. भाऊबीजेला तू आणलेली साडी मी परत केली अन् तू न जेवता उठून गेलास, त्याला साडेचार महिने झाले. मागच्या बाजारी गुंडप्पाच्या जीपमध्ये बसले होते, तर त्यानं भर गाडीत विचारलं, "अक्का, वावरात वाटा मागायलाव म्हनं तुमी?" सगळी गाडी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. वर त्यानंच सांगितलं की, तू हक्कसोडीचा कागद घेऊन उमरग्याला वकिलाकडं जाऊन आलास. अक्का तो कागद मोडू शकते का, हे विचारायला. अरे, बहिणीला विचारायचं सोडून वकिलाला विचारलंस! लोहारा ते माकणी म्हणजे काय सातासमुद्रापार आहे? मला आधी राग आला, मग रडू आलं, अन् शेवटी वही घेऊन बसले. आता पहिल्यापासून सांगते. अर्ध्यात ठेवून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

हे सगळं सुरू झालं आमच्या हर्षालीमुळं. तुझी भाची दसऱ्याला पुण्याहून आली, पांघरूण काढायला कपाट उघडलं, तर वरच्या फळीवरचा डबा धाडकन तिच्या पायावर पडला. त्यात काय होतं म्हणशील? डबा. त्या डब्यात आणखी एक डबा. लेक पाय धरून बसली अन् म्हणाली, "आई, या घरात तुम्ही राहता, की सामान राहतं अन् तुम्ही त्याची राखण करता?" लागलं मला ते बोलणं. पण खोटं नव्हतं. मग चार दिवस आम्ही माय-लेकींनी एकेक वस्तू हातात घेतली. वर्षात एकदा तरी लागली असंल तर ठेवायची, नाहीतर जिला लागते तिला द्यायची. अठ्ठेचाळीस वाट्या निघाल्या, बलभीम! दोन माणसांना अठ्ठेचाळीस वाट्या. पाहुणे आले तर, पाहुणे आले तर, असं म्हणत आयुष्य गेलं. आठ ठेवल्या, बाकीच्या बचत गटाला दिल्या. संक्रांतीला खरंच अकरा बाया जेवायला बसल्या, तर शेजारच्या कमलबाईकडून ताटं-वाट्या आणल्या. कमलबाई ताटं द्यायला आली ती जेवूनच गेली, अन् आता येता-जाता हाक मारते. आधी वर्षानुवर्षं नुसती मान हलवायची.

तुझ्या दाजींचं काय सांगू? पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, लाखो माणसं वाटेत उतरवली, पण घरात आलेली सुतळी त्यांच्याच्यानं बाहेर जाईना. तारांची भेंडोळी, बंद पडलेले तीन ट्रान्झिस्टर, जुन्या गाड्यांची वेळापत्रकं. "लागंल कधीतरी" हा त्यांचा मंत्र. चौथ्या दिवशी दारात उभं राहून म्हणाले, "उद्या मला बी देशील कुणाला तरी काढून." मी म्हणलं, घेणारं भेटलं पाहिजे ना. दोन दिवस स्वतःचा चहा स्वतःच करून प्यायले. शेवटी त्यांना एक कोपरा दिला, त्यात काय पाहिजे ते ठेवा म्हणलं, अन् तह झाला. आता सकाळी दार उघडलं की समोरची भिंत दिसते. घर बांधल्यापासून ती भिंत मी मोकळी बघितली नव्हती. झाडायला दहा मिनिटं लागतात. मला लई बरं वाटतं, खरंच सांगते. इतकं सुख दवाखान्यातली नोकरी लागली तेव्हासुद्धा झालं नव्हतं.

मग आलं साड्यांचं कपाट. चौसष्ट साड्या! तुला माहीत आहे, एकतीस वर्षं ड्युटीला पांढरी साडी. रंगीत नेसायची कधी, तर कुणाच्या लग्नात, अन् तीही निम्म्यातून बोलावणं यायचं, सिस्टर, बाई अडली आहे. चौसष्टातल्या सात ठेवल्या. पाच सुती रोजच्या, एक लग्नाकार्याची, अन् एक आईचं इरकल. लोक बोलतात बरं का. एका महिन्यात दोन लग्नांना तीच साडी नेसले, तर मागं कुजबुज, सिस्टरची पेन्शन बंद झाली काय! होऊ दे. सकाळी उठून काय नेसू हा विचारच संपला, अन् तेवढा वेळ मी मागच्या अंगणात घालवते.

हे झालं दिवाळीच्या तोंडावर. अन् भाऊबीजेला तू आलास. पाटावर बसलास, मी ओवाळलं, तू ताटात साडीची पिशवी ठेवलीस. कपाट रिकामं केल्याची नवी नवी नशा होती मला. मी म्हणलं, साडी परत घेऊन जा, बायकोला नेसव, अयोध्येला शोभंल, अन् इथून पुढं आणूच नको. मला वाटलं मी लई शहाणपणाचं बोलले. तुझ्या दाजींचा हात मात्र पुरीवरच थांबला. तुझं तोंड उतरलं. तू फक्त "बरं अक्का" म्हणालास, पिशवी उचललीस अन् गाडीला किक मारलीस. बासुंदीची वाटी तशीच राहिली. तू गल्लीच्या बाहेर गेल्यावर दाजी म्हणाले, "काय केलंस हे? भावाची साडी परत करत असतेत का?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडं साडीचोळीवर बहीण राजी. साडी घेतली म्हणजे बहिणीनं वाटा सोडला, परत केली म्हणजे वाटा मागितला. माकणीत जन्मले, साठी ओलांडली, अन् एवढी साधी गोष्ट विसरले! मला फक्त कपाटात साडी नको होती रे.

तेव्हा तुझ्या जिवाला जो घोर लागलाय त्याचं आधी सांगते. हक्कसोडीचा कागद मी मोडणार नाही. तो तसाच राहील. मी कुठल्या वकिलाकडं गेले नाही, जाणार नाही, अन् हर्षालीलाही तसं सांगून ठेवलंय. दादांची तीन वर्षं अंथरुणातली सेवा तू अन् अयोध्येनं केली. मी लोकांच्या बाळंतिणी सोडवत होते, बापाला पाणी तुम्ही पाजत होता. जमीन तू कसतोस, तुझी आहे. आता झोप नीट.

अंगणाचं सांगायचं राहिलं. मागं न्हाणीच्या बाजूला पंधरा फूट लांब अन् दहा फूट रुंद जागा आहे, तिथं आधी अडगळ होती. आता वाफे आहेत. माझ्या लग्नातली लोखंडी पेटी आठवते का? तिच्या बुडाला भोकं पाडून माती भरली, तिच्यात कोथिंबीर लावली. दाजींनी त्यांच्या कोपऱ्यातल्या तारा काढून दोडक्याला मांडव केला, अन् तीन दिवस गल्लीभर सांगत फिरले की, बघा, लागलं का नाही! बिचाऱ्यांचं खरंच झालं. नळ इथं चार-पाच दिवसांनी येतो, त्यामुळं तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं सगळं पाणी झाडांना. मेथी झाली, चुका झाला, वांगी इतकी आली की कमलबाई दार लावून घ्यायला लागली. पण टोमॅटो बसल्या जागी माना टाकायला लागले. उपटून बघते तर मुळात पांढऱ्या जाड्या अळ्या. हुमणी! कच्चं शेणखत घातलं होतं मी. कुणब्याची लेक अन् कच्चं शेणखत घालते, तू असतास तर पोट धरून हसला असतास. अळी हातात धरून मी पहिला फोन तुलाच लावला. दुसरा फोनही तुलाच लावला. तू उचलला नाहीस. मग तिथंच वाफ्यात बसून रडले. दाजींना वाटलं, टोमॅटोसाठी रडते.

त्या दिवशी अंगणात बसल्या बसल्या एक गोष्ट मी स्वतःशी कबूल केली. ती तुला लिहायला हात धजत नव्हता, पण लिहिते. कपाटातल्या साड्या पलंगावर मांडल्या तेव्हा सोळा साड्या अशा निघाल्या की, त्यांची घडीच मोडली नव्हती. डांबराच्या गोळ्यांसकट जशाच्या तशा. पंचमीच्या आठ, भाऊबीजेच्या सात, अन् एक मोरपंखी. सगळ्या तू दिलेल्या, दादा गेल्यापासूनच्या. हर्षालीनं विचारलं, मामाची एकही साडी कशी नेसली नाहीस? मी पटकन म्हणलं, ड्युटी असायची ना. तर ती म्हणाली, आई, तुला रिटायर होऊन चार वर्षं झाली. मी साड्या पिशवीत भरायला लागले. सोळाच्या सोळा आमच्या दवाखान्याच्या आशा वर्कर बायांना वाटून टाकल्या, अन् त्यांनी दुसऱ्याच दिवशी नेसल्या. लई शोभल्या त्यांना, अयोध्येची निवड चांगली आहे. पण लेकीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं, अन् मी ते दिलं नाही. मला तुझा राग होता, बलभीम. आठ वर्षं राग होता, अन् तो मी घडी घालून ठेवला होता.

दादांच्या चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी तू भाड्याची जीप घेऊन दारात आलास. "अक्का, सही लागती, चल," एवढंच म्हणालास. मी गॅस बंद केला अन् चपला घातल्या. रजिस्ट्री ऑफिसात फोटो काढला, अंगठा घेतला. खुर्चीवरच्या माणसानं विचारलं, राजीखुशीनं सोडताय ना बाई? मी हो म्हणलं. त्या अनोळखी माणसानं विचारलं, तू विचारलं नव्हतंस. येताना दुकानासमोर जीप थांबवून मोरपंखी साडी घेतलीस, माझ्या मांडीवर ठेवलीस, अन् घरापर्यंत बाहेर बघत बसलास. तुला तोंड उघडायला लाज वाटत होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. तू सहा महिन्यांचा असल्यापासून माझ्या कडेवर होतास. घरी बसून चहा पिता पिता म्हणाला असतास, अक्का, वावर माझ्या नावावर करू का, तर मी हसत सही केली असती, वर तुझ्या डोक्यात टपली मारली असती. तू विचारलं नाहीस म्हणून ते नुसतं घेतल्यासारखं झालं. मीही बोलले नाही. साड्या घेत गेले अन् कपाटात कोंबत गेले. चूक दोघांचीही आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तुला वाटेल, माफी मागायला. साडी परत केली त्याची माफी मागते, पाटावर बसलेल्या भावाला असं बोलू नये. पण तेवढ्यासाठी लिहीत नाही. नको ते सगळं घरातून काढून टाकलं की, काय पाहिजे ते मन ओरडून सांगायला लागतं. मला एक गोष्ट पाहिजे आहे. विहिरीचं पाणी पडायचं त्या थारोळ्यापाशी आई वांगी-मेथीचं माळवं लावायची, ती दोन गुंठ्यांची जागा. तिथं आता तू ठिबकच्या जुन्या नळ्या अन् मोडका फवारणी पंप टाकून ठेवलायस. तो पसारा मीच येऊन काढीन, मला आता त्यातलं चांगलं कळतं. ती जागा मला माळवं लावायला पाहिजे. आठवड्यातून दोनदा जीपनं येईन, खुरपीन, पाणी धरीन, अयोध्येच्या हातचा चहा पिईन, अन् अंधार पडायच्या आत परत जाईन. निघंल त्यातलं निम्मं माळवं तुझ्या घरी. सातबारा नको, कागद नको, शब्द दे. आठ वर्षांपूर्वी आपल्यापैकी कुणीतरी नीट विचारायला पाहिजे होतं, ते आज मी विचारते. बलभीम, आईची जागा मला देतोस का? हो म्हणालास तर पुढच्याच बाजारी खुरपं घेऊन येते. नाही म्हणालास तर वाईट वाटंल, पण सोसंल, कारण नाही म्हणणारा भाऊही भाऊच असतो. पण तू गप्प बसलास, तर मला भाऊ आहे की नाही, हेच मला कळणार नाही.

तुझीच,
अक्का