पोकळ फरशी आणि माझा गुडघा

तीर्थस्वरूप ताईस, शिरसाष्टांग नमस्कार (साष्टांगाला गुडघा वाकत नाही, तेव्हा नुसत्या शिरावर भागव).

तुझी प्रकृती बरी असेल. दाजींचा खोकला थांबला का? आणि तुझं वजन आहे तेवढंच आहे ना? कमी केलं नसशील तर बरं. (का विचारतोय ते पुढे येईल.)

हे मी खिडकीपाशी उभ्याने लिहितोय. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की गुडघा ठणकतो, म्हणून परत बसतो. जन्मभर गुडघे टेकून लोकांच्या फरशा बसवल्या, त्यात उजव्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजून खड्डा पडलाय. डॉक्टरीणबाईंनी त्याच गुडघ्याच्या चांगल्या राहिलेल्या कडेचा इवलासा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. तिथे माझ्याच पेशी वाढवायच्या आणि त्यांनीच खड्डा बुजवायचा. मला हे लगेच पटलं (एकाच लॉटमधला माल असला की रंग जुळतो). पण वाट बघवेना. रोज प्रयोगशाळेत फोन करायचो. शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, ‘काळजी करू नका, तुमच्या पेशी भांड्याच्या तळाला चिकटून अगदी शांत बसल्यात.’ हे तुझ्या भावजयीला सांगितलं, तर म्हणाली, ‘मग नमुना बदलला असणार.’ आजारी माणसाची या घरात एवढीच किंमत आहे.

सोमवारी ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या होत्या. थिएटरच्या दाराशी बाकावर बसवलं होतं. मी सवयीने काठीने खालची फरशी ठोकली, तर पोकळ वाजली. शेजारची ठोकायला वाकलो, मग ओणवा झालो, आणि मागून उघडा असलेला तो दवाखान्याचा झगा घालून अख्खा बोळ रांगत तपासला (हो, त्याच गुडघ्यावर). नर्सबाई ओरडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या, ते जास्त लागलं. ज्यांना दारातली फरशी भरता येत नाही ते माझा गुडघा काय भरणार, असं डॉक्टरीणबाईंना सुनावून तडक टॅक्सीने घरी आलो. झगा अंगावरच होता. हिने तो धुऊन, इस्त्री करून परत पाठवला आणि तेव्हापासून अबोला धरलाय. मी या खोलीतून त्या खोलीत फिरतोय.

तुझा,
धाकटा

ता. क. फरशी पोकळ नव्हती. एकही नव्हती. मी रांगत रांगत तशी एखादी शोधत होतो. दार उघडलं तेव्हा आतलं टेबल आणि हत्यारं दिसली. मला फार भीती वाटतेय, ताई.

आणखी एक. पेशी तयार आहेत. शुक्रवारी डब्यातून येतील आणि ताज्या असतानाच बसवाव्या लागतील, ठेवून टिकत नाहीत. हे हुकलं तर मुकादम मला भिंतीवरच्या फरशांचा वरचा, उभ्याने लावता येणारा अर्धा भागच देत राहणार. खालचा दुसरे लावतात आणि मी उभा राहून बघतो. ते मला सहन होत नाही.

शेवटचं. लहानपणी माझ्या पायातली काच काढताना तू छातीवर बसली होतीस, तेवढा एकदाच मी हललो नव्हतो. गुरुवारी ये. डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलंय. छातीवर बसू देणार नाहीत, पण दाराबाहेरच्या बाकावर चालेल म्हणाल्या. गुंगी चढेपर्यंत मी आतून हाका मारीन. तू नुसतं ‘बसलेय’ म्हण.