खडूच्या आतली जागा

मी, या घराची कागदोपत्री मालकीण, वय एकोणतीस, अविवाहित, धंदा जुने फर्निचर दुरुस्त करण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही ती हृदयाची एक झडप, आणि ती बदलण्यासाठी पुढच्या आठवड्यात माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. पण काळजी करायला मला कारण लागत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक दाखवलेला नाही की गळ घातलेली नाही. उलट बाबांनी "असलं अभद्र काही लिहीत बसू नकोस" असे सांगून पाहिले. आईची मैत्रीण असलेल्या वकीलकाकूंनी मसुदा तपासला आहे आणि माझ्यामागे याची अंमलबजावणी त्याच करतील. जिथे त्यांनी "हे कलम नव्हे, ही तक्रार आहे" असा शेरा मारला, तिथला मजकूर मी कमी केला आहे. काढलेला मात्र नाही.

कलम १. अवजारे.
माझे रंधे, पटाश्या, लाकडी हातोडी आणि शिकंजे आमच्या कारखान्यात वेत विणणाऱ्या मावशींना द्यावेत. लहानपणी जिना चढले की माझे ओठ निळे पडत, म्हणून मला शाळेत फार उशिरा घातले. तोवर कारखाना हीच शाळा. आईने प्लायवूडच्या तुकड्यांवर खडूने अक्षरे गिरवून घेतली, दादाने मोजपट्टीवर आकडे शिकवले आणि मावशींनी वेत विणायला बसवून गप्प बसायला शिकवले. पहिले दोन विषय मला चांगले आले. लहान पटाशीची मूठ सैल आहे, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कोणी म्हणू नये.

कलम २. घड्याळ.
बैठकीच्या भिंतीवरचे, चहूबाजूंनी पितळी किरण फुटलेले गोल घड्याळ शेजारच्या काकांना द्यावे असे मनात होते. कित्येक वर्षे ते मनगटावर घड्याळ बांधून आमच्याकडे वेळ बघायला येतात. पण काका या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि ज्याला यातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलकाकूंनी बजावले. मी पेचात पडले. तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, द्यायचंच आहे तर आज देऊन टाक. जिवंतपणी वस्तू द्यायला मृत्युपत्र लागत नाही." त्याप्रमाणे घड्याळ सकाळीच काकांकडे पोचले आहे. ते थोडे मागे पडते हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मीही पडतो." म्हणजे या कलमाला आता काही अर्थ उरलेला नाही. पण क्रमांक चुकायला नकोत म्हणून ठेवते.

कलम ३. दातांच्या डॉक्टरीणबाई.
यांनी आमच्याकडून सरकत्या दारांचे बुटके, लांब कपाट नेले. तिन्ही दारांवर सागाच्या रेषा एका दारातून दुसऱ्यात अशा वाहत जात होत्या, की जणू झाड मध्ये कापलेच नव्हते. त्या रेषा जुळवण्यात बाबांचा आणि माझा अख्खा उन्हाळा गेला होता. बाईंनी ते घरी नेऊन पडद्यांना शोभावे म्हणून पांढऱ्या रंगाने रंगवले. मी त्यांना मनापासून क्षमा करते. तथापि माझ्या वस्तूंपैकी कोणतीही त्यांना विकू नये. त्यांनी पैसे वेळेवर दिले होते, हेही न्यायाने नोंदवते. (वकीलकाकूंचा शेरा इथलाच आहे.)

कलम ४. घराविषयी माहिती.
घर कोणाला द्यायचे ते पुढे येईल. आधी ते काय आहे ते सांगते, कारण ज्याला ते डबा वाटते त्याला ते देऊन उपयोग नाही.

आमचे घर आजोबांच्या पिढीतले आहे, पण आजोबांचे नव्हे. बाबांनी ते घेतले तेव्हा कोणालाच नको होते. लोकांना गोल खांब आणि नक्षीदार कठडे हवे होते. इथे सपाट छप्पर, तेही भिंतींच्या बरेच पुढे आलेले, पश्चिमेला सिमेंटच्या जाळीची भिंत आणि मोझॅकच्या फरशीत पितळी पट्ट्या. आईने पहिल्यांदा पाहिले आणि विचारले, "हे घर आहे की बसस्टँड?" बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी बरोबर आणलेली एक बुटकी आरामखुर्ची जाळीजवळ ठेवली आणि म्हणाले, "बसून बघ." खिडक्या गुडघ्याच्या उंचीपासून सुरू होतात. उभ्या माणसाला त्या विचित्र दिसतात, पण बसलेल्याला समोरची झाडे, रस्ता, येणारा-जाणारा सगळे दिसते. आई बसली ती उठेचना. बाबा म्हणाले, "बांधणाऱ्यानं बसलेल्या माणसाचा विचार केलाय. बाकीचे पाहुण्यांचा करतात."

सामानही त्याच काळातले, एकेक करून जमवलेले. निमुळत्या, किंचित बाहेर झुकलेल्या पायांचा सोफा, कोपरेच नसलेले टेबल, एकाच बाजूने वाजणारा रेडिओग्राम. नक्षी कुठेच नाही. जिथे सांधा आहे तिथे तो झाकलेला नाही, उलट नीट दिसेल असा ठेवला आहे. आई म्हणायची, आपलं सामान जमिनीवर फतकल मारून बसत नाही, चवड्यांवर उभं असतं, म्हणून खालून केरसुणीही जाते आणि उजेडही. मला आयुष्यात जे काही सुंदर म्हणून कळले ते या वाक्यातून कळले.

हे सर्व सामान घराबरोबर राहावे. फक्त जाळीजवळची खुर्ची वेगळी काढली आहे.

कलम ५. जाळीजवळची खुर्ची.
ही वर सांगितलेलीच. हिच्या रुंद हातांवर तळवे टेकून आई शेवटपर्यंत बसत, वाचत, शेंगा निवडत आणि आम्हाला रागावत आली.

आमच्या कारखान्याची एक रीत आहे, ती बाहेरच्यांना सांगावी लागते. जुनी खुर्ची दुरुस्तीला आली की पॉलिश खरवडण्याआधी बाबा तिच्या हातांवर बोटे फिरवतात. वर्षानुवर्षे कोणाचा तरी तळवा टेकून लाकूड जिथे गुळगुळीत आणि फिके झालेले असते, त्याभोवती ते खडूने गोल काढतात. खडूच्या आत कोणी हात लावायचा नाही. बाकी खुर्ची नवी करा, पण तेवढी जागा माणसाची. काम करताना खडू पुसला जातो, म्हणून बाबा रोज सकाळी तो पुन्हा काढतात.

आई गेली त्यानंतर काही आठवड्यांनी बाबा परगावी लाकूड पाहायला गेले होते. ते परत येतील तेव्हा घर जरा हसरे दिसावे म्हणून दादाने आईची खुर्ची कारखान्यात नेली आणि तिला लाखेचे पॉलिश केले. दादाच्या हातासारखा पॉलिशचा हात आमच्यात कोणाचाच नाही. इतके चांगले काम त्यानेही पूर्वी केले नव्हते. खुर्ची आरशासारखी झाली, दोन्ही हातांसकट. तिच्यावर खडू नव्हता. घरातल्या खुर्चीवर खडू काढायचे कोणाला कधी सुचलेच नव्हते.

बाबा आले, उजव्या हातावरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला. म्हणाले, "छान झालंय." आणि कारखान्यात निघून गेले. त्यानंतर ते दादाशी कामाचेही बोलले नाहीत. मावशींमार्फत निरोप द्यायचे, तेही दादा समोर उभा असताना. दादाने काही महिने ते सोसले, मग एक दिवस म्हणाला, "बाबा, एकदा शिव्या तरी द्या." बाबा रंधा मारत राहिले. दादा कारखाना सोडून गेला आणि त्याने तयार स्वयंपाकघरे बसवण्याचा धंदा काढला. बाबा त्याला कागदाचं फर्निचर म्हणतात. दादा बाबांना संग्रहालयाचे पहारेकरी म्हणतो. दोघेही हे मला सांगतात, एकमेकांना नाही. मग बाबांनी घर माझ्या नावावर केले. मी नको म्हटले होते. "तो पाडून मजले चढवेल," एवढेच ते म्हणाले.

यात दादाचा दोष किती, हे मी पुष्कळ वेळा मोजून पाहिले. मला एवढेच दिसते की ज्या कारखान्यात काम चांगले झाले की कौतुक होते, तिथे त्याने सर्वांत चांगले काम केले, आणि तेच चुकले.

आता दोन गोष्टी, ज्या बाबांना मी तोंडाने सांगू शकले नाही.

पहिली. खुर्चीचा उजवा हात पुन्हा फिका होऊ लागला आहे. बाबा, तुम्ही रोज संध्याकाळी तिथे बसता आणि तळवा टेकता. आईची जागा थोडी पुढे होती, तिचा हात लहान होता. ही तुमची आहे. तुम्ही पाहिले नसेल, कारण तुमचा हात त्यावर असतो.

दुसरी. दादाच्या घरी सगळे लॅमिनेटचे आहे, हे तुम्ही म्हणता ते खरे आहे. पण एक वस्तू तशी नाही. मुलीसाठी त्याने स्वतः सागाची कॉट केली आहे, निमुळत्या पायांची. मुलीला दात येत होते तेव्हा तिने वरचा कठडा कुरतडून ठेवला. आता ती मोठ्या पलंगावर झोपते आणि कॉट वहिनीच्या बहिणीकडे जायची आहे. मी त्यांच्याकडे गेले त्या दिवशी पॉलिशवाला आला होता. वहिनी म्हणाली, "अहो, कठडा अगदीच कुरतडलाय, घासून एकसारखा करून घ्या ना." दादा खिशातून खडू काढून खाली वाकला, दातांच्या खुणांभोवती गोल काढला आणि पॉलिशवाल्याला म्हणाला, "एवढं सोडून." मग मला पाहून उगाच खडू झटकला.

सबब ही खुर्ची माझ्यामागे दादाला द्यावी. बाबांची संध्याकाळची जागा जाईल हे मला कळते, आणि याचे मला वाईट वाटते. पण दादाने तिच्यावर एकदा तरी बसावे असे मला वाटते. पॉलिश केल्यापासून तो तिच्यावर बसलेला नाही.

कलम ६. घर.
घर, त्याखालची जमीन आणि वर सांगितलेले सामान माझ्यामागे दादाला मिळावे. ते पाडू नये, विकू नये, असली कोणतीही अट मी घातलेली नाही. वकीलकाकूंनी घाल म्हटले होते. पण आईने आम्हाला वस्तू देताना हात मोकळा ठेवायला शिकवले आहे.

कलम ७. बाबांचे राहणे.
बाबांना हयातभर या घरात राहण्याचा हक्क असावा, असे एक वाक्य वकीलकाकूंनी मसुद्यात घातले होते. ते मी काढले आहे. त्या माझ्यावर रागावल्या आणि म्हणाल्या, "उद्या पोराचं डोकं फिरलं तर हा माणूस कुठे जाईल?" प्रश्न बरोबर आहे. मी तो स्वतःला विचारून फार घाबरले आहे. तरी वाक्य काढले, याची कारणे देते.

एक, ते वाक्य ठेवले तर बाबांना या मृत्युपत्रातून काही मिळते, आणि मग त्यांनी साक्षीदार होऊ नये. मला साक्षीदार म्हणून बाबाच हवे आहेत. दोन, बाबांना घरात ठेव, हे दादाला कायद्याने सांगावे लागेल असे मला वाटत नाही. पण माझे वाटणे पुरेसे नाही. डोक्यावरचे छप्पर गेलेच तर बाबांचे जाईल, माझे नव्हे. म्हणून हे त्यांच्यावर सोडते. साक्षीदाराला फक्त माझी सही पाहायची असते, मजकूर वाचण्याचे बंधन नसते. बाबांनी मात्र वाचावा, अशी माझी विनंती आहे. वाचून सही केली तर हे मृत्युपत्र. नाही केली तर वकीलकाकूंनी हे फाडून टाकावे, ते वाक्य घालून दुसरे करावे आणि दुसरा साक्षीदार बोलवावा. त्यात बाबांचे काही चुकले असे मी मुळीच मानणार नाही. बाबा, हे मी तोंडदेखले लिहिलेले नाही.

ऑपरेशन नीट झाले तर हा कागद काकूंच्या कपाटात पडून राहील आणि मी पटाशीची सैल मूठ स्वतः बसवीन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

ठिकाण: बैठकीची खोली, जाळीजवळ
दिनांक: १४ मार्च, शनिवार, दुपारी

सही: (धाकटी)

साक्षीदार पहिला: शेजारचे काका. तिने माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचला नाही, चष्मा घरी राहिला. घड्याळ मिळाले.
सही

साक्षीदार दुसरा: बाबा. तिने माझ्यासमोर सही केली. मजकूर सगळा वाचला. घराचे लिहिले आहे ते तसेच असू दे. खुर्चीचे कलम मात्र नको, ती त्याला जिवंतपणीच द्यायची आहे. उद्या येऊन घेऊन जा, असे मी त्याला आज फोन करून सांगतो. येताना मुलीला आणावे. कॉट अजून दिली नसेल तर तीही आणावी, खडू पुसट झाला असेल.
सही