कुस्ती सोडल्याचं मर्लकाकांना कळवण्याबाबत

आयोवा, १९ ऑक्टोबर

आदरणीय मर्लकाका,

आर्लोचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? डार्लीनकाकूंचे टोमॅटो दंवातून वाचले का? इकडे सगळे ठीक आहेत (बाबांना सर्दी आहे, पण ते ती मान्य करत नाहीत).

कळवायचं ते असं की मी ऑगस्टमध्ये कुस्ती सोडली. हे सुरुवातीलाच लिहिलं, म्हणजे तुमचा राग शांत व्हायला अख्खं पत्र उरेल.

कारण सांगतो. १०६ पौंडांच्या वजनगटात राहण्यासाठी तीन वर्षं मी कचऱ्याच्या पिशव्या अंगात घालून पळालो, बसमध्ये पेल्यात थुंकलो आणि थँक्सगिव्हिंगला टर्कीचा नुसता वास घेऊन ताटावरून उठलो. या उन्हाळ्यात मात्र चार इंच वाढलो. आता १३८ भरतो, आणि त्या गटात केल्विन बूमा आहे. तो मला अकरा सेकंदांत चितपट करतो (तीनदा मोजलं). म्हणून मी क्रॉस कंट्रीत, म्हणजे शेताकुरणांतल्या लांब शर्यतींत, नाव घातलं. तिथे संघातून कुणालाच काढत नाहीत. नाव लिहायचं आणि पळायचं.

शाळेच्या समुपदेशक टेन हाकेनबाईंना हे पटलं नाही. शेवटच्या वर्षी खेळ बदलला की कॉलेजात अर्ज वाचणाऱ्याला वाटतं, पोरगं कंटाळलं किंवा हाकललं गेलं; तू कारण दिलं नाहीस तर तो आपल्या मनाने देईल, असं त्या म्हणाल्या. अर्जात त्यासाठी दीडशे अक्षरांची जागा असते. माझं कारण चारशे बारा अक्षरांचं झालं. मग वजन उतरवायची सवय कामी आली. आधी विशेषणं थुंकून टाकली, मग केल्विन.

पण खरी अडचण तुम्हाला माहीतच आहे. तुमचे कॉलेजातले कुस्तीचे जुने जोडीदार रीमर्स्मा मी अर्ज करतोय तिथे कुस्ती शिकवतात, आणि तुमच्या शब्दावर त्यांनी प्रवेश कचेरीत माझं नाव दिलंय, कुस्तीगीर म्हणून. रसायनशास्त्रात मला ‘क’ श्रेणी आहे. कुस्ती वजा केली तर मला घ्यावं असं कागदावर फारसं उरत नाही. कळवलं तर प्रवेश जाईल आणि न कळवता गेलो तर खोटा ठरेन, या विचारात सहा आठवडे गेले. (त्यात पाच पौंड उतरले, आता त्यांचा उपयोग नाही.)

गेल्या शनिवारी शर्यत होती. दुसऱ्या मैलावर वाऱ्याने वळणाचा झेंडा पाडला होता. आमच्यानंतर मुलींची शर्यत होती आणि त्या थेट मक्याच्या शेतात गेल्या असत्या, म्हणून थांबून तो नीट ठोकला. माझ्यामागे दोघे होते, ते पुढे गेले. मी चौऱ्याण्णवात चौऱ्याण्णवावा आलो. क्रॉस कंट्रीत शेवटच्यासाठी सगळे थांबून टाळ्या वाजवतात, ते फार अवघड जातं. त्या गर्दीत तुमच्यासारखेच कुस्तीत चुरगळलेले कान असलेला एक माणूस होता.

“तू मर्लचा पुतण्या ना?” रीमर्स्मा म्हणाले. “तुला शाळेत गादीवर शोधून आलो, तर तू इथे कुरणात सुतारकाम करतोयस.”

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “मर्लला सांगितलंस?”

मी नाही म्हणालो.

“मग आधी त्याला सांग. चाळीस वर्षांत मला ते जमलेलं नाही. तू सांगितलंस तर कचेरीत तुझ्यासाठी मी स्वतः बोलेन, कुस्ती वगळून.”

म्हणून हे पत्र. शब्दकोश शेजारी ठेवून लिहिलं आहे; चूक आढळल्यास क्षमस्व.

तुमचा पुतण्या,
आर्लो

ता. क. १ : तुम्ही दिलेल्या जाकिटाच्या बाहीवर ‘कुस्ती’ भरतकामात आहे. तूर्त वर चिकटपट्टी लावली आहे. काकूंना विचाराल का, ते भरतकाम उसवता येतं का?

ता. क. २ : रीमर्स्मांना चाळीस वर्षांत तुम्हाला काय सांगायचं होतं, ते मी विचारलं नाही. तेही शाळेत शेवटच्या वर्षी टेनिस खेळले, एवढंच ते आपणहून बोलले.

ता. क. ३ : मी सांगितलं याचा त्यांना पुरावा हवा आहे, एक नोव्हेंबरच्या आत. तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे. या पत्राखाली सही करून ‘वाचलं’ एवढं लिहिलंत तरी चालेल. ‘माफ केलं’ लिहायची अट नाही, पण जागा सोडली आहे.