काकूंचा आवाज वाढवणारा मिक्सर

तीर्थस्वरूप काकूंना पुतण्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ताईच्या घराला जिने फार आहेत, म्हणून आधी गुडघ्याची चौकशी. ताईला आणि जावयांना माझा नमस्कार सांगा. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, खरं काय ते पुढे येईलच. मी फोन केला होता. तुम्ही तो उचललात आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलात. (थिएटरात आवाजाचंच काम करतो मी, काकू. तो आवाज कोणाचा हे मला कळणार नाही, असं तुम्हाला वाटलं तरी कसं?) म्हणून हे पत्र. फोन मध्येच ठेवून देता येतो, पण पत्र फार तर फाडता येतं, आणि अर्धं वाचलेलं काही फाडायचा तुमचा स्वभाव नाही.

तुम्ही म्हणाल, झालं ते मला माहीत आहे, मी तिथेच होते. पण तुम्ही होतात विंगेत, दारामागच्या स्टुलावर, मांडीवर संहिता घेऊन. मी होतो वर बाल्कनीमागच्या खोलीत, माइकचे आवाज कमीजास्त करणाऱ्या नव्या मिक्सरपाशी. स्पीकर सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून, त्यामुळे त्यांना काय ऐकू आलं ते तुम्हाला तिथून कळणं शक्यच नव्हतं, काकांनाही नाही. ते संपूर्ण ऐकलेला आपल्या घरातला माणूस मी एकटाच, म्हणून सविस्तर लिहितो. दोष कोणाचा ते ठरवायला बसलेलो नाही. यंत्राचा तर मुळीच नाही, यंत्र उत्तम आहे.

जुना ॲम्प्लिफायर तुम्हाला आठवतोच. बटण दाबलं की त्याची घरघर सुरू व्हायची ती पडदा पडेपर्यंत चालायची. पुष्कळ प्रेक्षक तिला पंख्याचा आवाज समजत, आणि उन्हाळ्यात काहींना त्याने गारही वाटे. त्या घरघरीखाली तुमचा आवाज बेमालूम झाकला जायचा. बापाचं काम करताना काका थांबायचे, तुम्ही दारामागून वाक्य सांगायचात, काका ते म्हणायचे, आणि पुढच्या रांगेतले जाणकार एकमेकांना सांगायचे की विराम घ्यावेत ते यांनीच. (त्या विरामांसाठी काकांना बक्षीस मिळालं आहे. ते दिवाणखान्यात आहे आणि त्याच्यावरची धूळ तुम्हीच पुसता, त्यामुळे जास्त लिहीत नाही.) समोरच्या थिएटरने डिजिटल यंत्रणा बसवली तेव्हा आमच्या मालकांना रात्रीची झोप येईना, आणि आपल्याकडेही ती आली.

बसवायला आलेला इंजिनिअर भला माणूस होता, एकच वाईट खोड, प्रश्न फार विचारायचा. प्रत्येक नटाच्या कॉलरला त्याने माइक लावला. दुसऱ्या अंकात बाप दार आपटतो तो आवाज घुमायला हवा, म्हणून त्या दारामागेही एक माइक ठेवला. ठेवताना त्याने सरळ विचारलं, की इथे नाटक चालू असताना कोणी बसतं का? मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनीच ठणकावलं की आमच्या नाटकाला प्रॉम्प्टर लागत नाही, तिथे कोणीही बसत नाही. तुमचं स्टूल त्या वेळी त्यांच्या पायाशीच होतं. कंपनीतल्या सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कोणीही न बोललेली गोष्ट मी एका परक्या माणसासमोर कशी बोलणार? मग त्याने मिक्सरमधली ती सोय चालू केली. तिचा गुण असा, की प्रत्येक क्षणी खरं कोण बोलतंय ते यंत्र स्वतः ओळखतं, त्याचा माइक वर नेतं आणि बाकीच्यांचे खाली घेतं. माणसाने हातसुद्धा लावायचा नाही.

मीही सुरुवातीला हात लावला नाही. पडदा वर गेला, घरघर नाही, सभागृहात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. काका आले, उभे राहिले, थांबले. तुम्ही म्हणालात, "मी या घराचा कर्ता आहे." यंत्राने ऐकलं, खात्री करून घेतली आणि तुम्हाला वर नेलं. त्यानंतर काका तेच वाक्य म्हणाले, पण तोवर यंत्राचं मत बनलं होतं. मिक्सरच्या स्क्रीनवर माझ्यासमोर सगळ्या माइकच्या पट्ट्या दिसतात. काकांची तळाला आणि तुमची सगळ्यांत उंच. मी ती बोटाने खाली ओढायचो आणि यंत्र ती नम्रपणे पुन्हा वर न्यायचं. (सोय बंद कुठून करायची ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.) शेवटच्या रांगेपर्यंत आधी तुम्ही स्पष्ट आणि मागून काका, शेजारच्या घरातून बोलल्यासारखे. तेही एक वेळ चाललं असतं. पण काकू, तुम्ही नुसती वाक्यं थोडीच सांगता? "पोट आत घ्या", "तिकडे नाही, सून इकडे आहे", "खोकू नका, खोकला पुढच्या पानावर आहे", हेही सगळं लोकांनी ऐकलं. बाप मुलाला घराबाहेर काढतो तिथे तर कहरच झाला. "चालता हो" असं तुम्ही इतक्या शांतपणे म्हणालात, की मुलाचं काम करणारा नट मुकाट्याने निघून गेला. काका गरजले तेव्हा समोर फक्त खुर्ची होती. त्यांनी त्या खुर्चीला घराबाहेर काढलं. प्रेक्षक हसले, हे तुम्ही ऐकलंच असणार. पण ते वाईट हसले नाहीत, हे तुम्हाला विंगेतून कळलं नसेल. शेवटी ते उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि माना वळवून दाराकडे बघत होते.

आता काकांचं. त्यांना हसण्याचं दुःख नव्हतं. (असतं तरी ते पचलं असतं.) पण पडदा पडल्यावर एक म्हातारे गृहस्थ आत आले, काकांचा हात हातात घेतला आणि विचारलं, की बापाचं काम केलेल्या त्या बाई कुठे आहेत? इतका संयमी बाप मी आजवर ऐकला नाही, असंही म्हणाले. काकांनी ज्याच्यावर चिडायला हवं होतं ते यंत्र वर माझ्या खोलीत होतं, आणि तुम्ही समोर. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. "हिच्या बडबडीने माझं काम बुडालं," हे ते सगळ्यांदेखत म्हणाले. म्हणायला नको होतं. तुम्ही संहिता स्टुलावर ठेवलीत, चष्मा डबीत ठेवलात आणि निघून गेलात. घरी गेला असाल असं आम्हाला वाटलं. ताईचा फोन आला तेव्हा कळलं.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. मालकांनी सांगितलं आहे की रविवारचा प्रयोग भरलेला आहे, तो काकांना जमला तर ठीक, नाहीतर पुढच्या प्रयोगापासून बापाचं काम दुसरा नट करील. ते रागाने नाही बोलले, अवघडून बोलले, म्हणून जास्त लागलं. काका म्हणाले, मला कोणी लागत नाही. तालमीला पहिल्या वाक्यालाच जो विराम घेतला तो अजून चालू आहे म्हणा ना. मग मी त्यांच्या कानात बसेल असा छोटासा स्पीकर दिला आणि वरून माइकमध्ये मी वाक्यं सांगू लागलो. ते माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायचे. "नीट सांग", "आज जेवला नाहीस का?", असं भर प्रवेशात, सुनेकडे बघत. पुढच्या रांगेत मोठ्या अक्षरांचा फलक धरून पाहिला. नाटकातल्या बापाला चष्मा नाही आणि काकांना चष्म्याशिवाय फलकच दिसत नाही, तर अक्षरं कुठून दिसणार? तेही राहिलं.

शेवटी मला आठवलं, की हा मिक्सर प्रत्येक माइकचा आवाज वेगळा साठवून ठेवतो. त्या प्रयोगातला दाराचा माइक, म्हणजे पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत अख्ख्या तुम्ही, माझ्याकडे होतात. मी तो आवाज साफ केला आणि काकांना न सांगता त्यांच्या कानात सोडला. काकू, त्यांचा चेहरा असा उजळला की सुनेचं काम करणारी बाई स्वतःचं वाक्य विसरली. धडाधड बोलू लागले. तुम्ही पोट म्हणालात की पोट आत जात होतं. मी वर बसून मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. आणि मग दुसऱ्या अंकात ते मध्येच थांबले. तुम्ही थांबला नाहीत, म्हणजे यंत्र थांबलं नाही. पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं. "थांब ना जरा," काका हळूच म्हणाले. यंत्र कसलं थांबतंय? त्यांनी कानातला स्पीकर काढला, टेबलावर ठेवला आणि वर माझ्या खोलीकडे बघून म्हणाले, "ही ती नाही रे. ती थांबते."

तेवढं बोलून ते खुर्चीवर बसून राहिले. मी वर यंत्र बंद केलं. मला वाईट वाटलं, काकू, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. हल्ली त्यांचं बाहेरही तेच चाललं आहे. परवा दुकानात गेले, "मला..." म्हणाले आणि वाट बघत उभे राहिले. दुकानदाराने अंदाजाने साबण दिला. तो घेऊन आले. घरात आता साबण खूप झाला आहे.

एवढं तुमच्या कानावर घालायचं होतं. रागात राहायचं असेल तर खुशाल राहा, पण सगळं ऐकून घेऊन राहा. गुडघ्याला जपा.

तुमचा, बाल्कनीमागच्या खोलीतला पुतण्या

ता. क. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? रविवारी दुपारी प्रयोग आहे, तुम्ही या. ती आपोआपची सोय मी बंद केली आहे आणि दारामागचा माइक काढला आहे. (दार आपटल्याचा आवाज आता साधाच येतो. कोणाचं काही अडत नाही.) सोय बंद करू नकोस, ऐकू देत लोकांना, असं काकांचं म्हणणं पडलं. मला ते झेपणार नाही, म्हणून माझ्या अधिकारात बंद केली.

ता. क. नाटकाच्या पाटीवर यापुढे तुमचं नाव येणार आहे, प्रॉम्प्टर म्हणून. हे मालकांनी नाही, काकांनी सांगितलं. मग किती मोठ्या अक्षरांत, यावर त्यांनीच रंगाऱ्याशी अर्धा तास घासाघीस केली. शेवटी त्यांच्या नावाहून किंचित लहान ठरलं आहे. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, तेवढं चालवून घ्या.

ता. क. शेवटचं. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. ते देणारा माणूस बहुतेक अजून दारातच उभा असेल. पाकिटात ताईसाठी रविवारचे पास आहेत एवढंच त्यांना माहीत आहे. तुम्हाला काय सांगायचं ते त्यांनी स्वतः लिहून पाठ केलं आहे. माझ्यासमोर कितीतरी वेळा म्हणून दाखवलं आणि एकदाही अडले नाहीत. पण तुमच्यासमोर अडतील. तेव्हा आधी त्यांना आत घ्या, आणि पहिला शब्द तेवढा तुम्ही सांगा, पुढचं त्यांना येतं. पहिला शब्द आहे, "चुकलो".