कवडीची चार पिल्लं आणि कूलरचा टब

नागपूर, मंगळवार

तीर्थरूप दत्तोपंतदादा यांस,

धाकट्या शामलाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावून राहिला का नुसताच बाटलीकडे पाहून राहिला? आम्ही मजेत आहो (यांचा खोकला सोडून, पण तो आता घरचाच झाला). फोनवर तू दोन मिनिटांत ‘बरं बरं’ करून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

तुझ्या राजहंसाची चारही पिल्लं ठणठणीत आहेत. ठरल्याप्रमाणे रविवारी ऑटो घेऊन ये अन् कामठीले आपल्या शेततळ्यावर घेऊन जा. मी वैतागली. कुंडीत मेथीचं पान राहिलं नाही, अन् काल एकानं यांची लुंगी चोचीत धरून यांना फाटकापर्यंत नेलं (हे ओरडले, मी हसली).

पण आधी ऐक गा. तू अंडी दिली तेव्हा आमची कवडी कोंबडी खुडूक होऊन बसलीच होती, तिच्याच खाली ठेवली. अंडी एवढी मोठी, की बिचारीचं पोट त्यांच्यावर पुरेना. एकविसाव्या दिवशी काहीच नाही. पंचविसाव्या दिवशी हे म्हणाले, कुजली, फेकून दे (कोंबडीचा हिशेब हंसाले लावला, अन् म्हणे शिकलेला माणूस!). मी हात घातला तं कवडीनं असं टोचलं, की अंगठा चार दिवस हळदीत होता. तिसाव्या दिवशी आतून टकटक झाली. आता तूच सांग, शहाणं कोण?

मग मी तिचं बाळंतपण केलं. डिंकाचा लाडू कुस्करून घातला, अन् सव्वा महिना मायलेकरांले प्यायच्या वाटीपलीकडे पाणी दाखवलं नाही. आपल्या आईनं हेच शिकवलं ना? चुकलंच माझं. सव्वा महिना भरला तशी मी जुन्या कूलरचा टब अंगणात काठोकाठ भरला, म्हटलं आज न्हाणं करू, अन् दार उघडलं. चौघंही धडाधड पाण्यात! कवडीले वाटलं, लेकरं बुडाली. काठावर अशी ओरडली दादा, की मी हातातलं टाकून धावली. अन् मग तिनं स्वतःच उडी घेतली. जिले पोहता येत नाही तिनं! मी पदरासकट हात घालून ओढून काढली, पोत्यात गुंडाळून उबेले ठेवली. दोन दिवस तिनं दाणा टिपला नाही, नुसती टबाभोवती फिरून त्यांना बोलवायची. तिसऱ्या दिवशी पिल्लं आपणहून तिच्याजवळ आली तेव्हा कुठं जेवली. आता पिल्लं तिच्याहून मोठी झाली, तरी संध्याकाळी चौघंही तिच्याच पंखाखाली घुसतात, अन् ती अधांतरी उचलल्या जाते. तशीच डोळे मिटून बसते. मले रडूच आलं, खोटं काहून सांगू?

पण हंसाच्या पिल्लांले तळं पाहिजेच, एवढं मलेही समजते. टबात किती दिवस भागवतील? म्हणून घेऊन जा.

तुझी,
शामला

ता. क. कवडीलेही सोबत नेजो. पिल्लं एकटी नेली तं ती दाणापाणी सोडून मरेल.

पुन्हा ता. क. तुझ्याकडे पाहुणे आले की तू अंगणातली कोंबडी कापतोस, हे साऱ्या कामठीले माहीत आहे. हिले हात लावशील तं पुढच्या साली राखी विसर. देवापुढं शपथ घेजो.

शेवटचं ता. क. तुझ्या शपथेवर माझा विश्वास नाही, तुझ्या हातचा रस्सा मी खाल्ला आहे. ऑटोत एक जागा माझी ठेवजो, बॅग भरून झाली. किती दिवस राहशील, विचारू नोको. लग्नाले बत्तीस वर्षं झाली, दादा, मले राहायले बोलाव असं लिहायची लाज वाटत होती. कोंबडीसाठी लिहायची नाही वाटली.