आईला फक्त ‘हो’ म्हणायचं

शुक्रवार, १४ तारीख. दुपारी साडेतीन

आयुष्यभर लोकांनी मला अंगठा दाखवला, आज मी रस्त्यावर उभं राहून लोकांना दाखवला, आणि गाड्या चक्क थांबल्या. खांद्यावर एक पिशवी, तिकीट नाही, वेळापत्रक नाही. मिळेल त्या गाडीने समुद्र गाठायचा आणि सोमवारी दहाला परत दुकानात, बंद पडलेल्या घड्याळांपुढे. ताई म्हणाली होती की अनोळखी गाडीत बसणं म्हणजे विकतचं दुखणं. ताई घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघते, तिचं काय घेऊन बसायचं.

पहिला भेटला तो लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर. गप्पिष्ट माणूस. वय विचारलं, लग्नाचं विचारलं, घरी वाट कोण बघतं तेही विचारलं. म्हटलं, सोमवारपर्यंत कुणी नाही. फाट्यावर उतरवल्यावर त्यानेच हात करून पुढची गाडी थांबवली आणि सांगितलं की हे आमचे वखारवाले, देवमाणसं आहेत.

खरोखरच देवमाणसं. पुढे वखारवाले दादा आणि वहिनी, मागच्या सीटवर दादांची म्हातारी आई. तिला दिसत नाही. चढतानाच दादांनी कानात सांगितलं की धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वी तापाने गेला, पण आईला ते कळू दिलेलं नाही. तिने काही विचारलं तर फक्त हो म्हणायचं. म्हातारीला तेवढंच बरं वाटणार असेल तर आपल्या बापाचं काय जातं? तिने विचारलं, आलास का रे. मी म्हटलं, हो आई. वहिनींनी डोळे पुसले.

रात्रीपुरतं थांबायचा आग्रह झाला. माडीवरच्या खोलीत बसून हे लिहितोय. खिडकीखालीच वखार आहे, ओल्या भुशाचा वास येतो. समुद्र कुठे पळून जात नाही.

शुक्रवार, संध्याकाळी सात

तडस लागेपर्यंत जेवलो. फुकटचं ते पौष्टिक. न्हावी घरीच आला आणि माझे केस धाकट्यासारखे बारीक कापून गेला, कारण आई डोक्यावरून हात फिरवते. डॉक्टर आईला तपासायला आले, त्यांनी मलाही तपासलं. साखर आहे का, रक्त लवकर थांबतं का, कुठलं औषध सोसत नाही का. वर धनुर्वाताचं इंजेक्शन. मला कुठे खरचटलेलंही नाही, असं मी म्हणालो. वखारीच्या घरात घेऊन ठेवलेलं बरं, असं ते म्हणाले.

आई माझा उजवा हात धरून बसते. तिने डावा मागितला की वहिनी घाईने दुसराच विषय काढतात. असेल काहीतरी.

शनिवार, सकाळी आठ

बूट नाहीत. वहिनी म्हणाल्या, धुवायला घातले. शर्टही. फोन काल चार्जिंगला म्हणून खाली नेला, तो आलाच नाही.

धाकट्याचं कपाट उघडून दिलंय. सगळे शर्ट एकाच निळ्या चौकड्याचे, सगळ्यांना बटणांऐवजी टिचबटणं. दादांना विचारलं. त्यांनी अगदी सहज सांगितलं की धाकट्याची डाव्या हाताची दोन बोटं करवतीत गेली होती, त्याला बटणं लावता येत नसत.

शर्ट नऊ आहेत. तीन मला ढगळ होतात. तीन आखूड. उरलेले तीन मला बेतून शिवल्यासारखे बसतात, आणि त्यांवर शिंप्याच्या खडूच्या खुणा अजून तशाच आहेत. एकाच माणसाची तीन मापं कशी?

शनिवार, दुपारी एक

अनवाणी फाट्यापर्यंत गेलो. ट्रकवाला तिथेच उभा होता. मानगूट धरून गाडीत घातलं आणि परत आणलं. वाटेत समजावत होता, घरच्यासारखा. म्हाताऱ्या बाईला त्रास देऊ नको, आधीच्याने फार दिला. न्हाव्याने दुकानातून हात केला. डॉक्टरांनी दारातच विचारलं की दंड सुजलाय का.

आता खोलीला बाहेरून कडी आहे.

मी डावखुरा आहे. चिमटा त्याच दोन बोटांत धरतो. घड्याळातली स्प्रिंग केसाएवढी असते. ती बोटं नसली तर मी कोण— मला दुसरं काही येत नाही.

शनिवार, संध्याकाळी पाच

खाली करवतीला नवं पातं बसवतायत. दादा वर येऊन सांगून गेले. उद्या सकाळी आठ. जुन्या पात्याने जखम चिघळते म्हणे. गेल्या खेपेला चिघळली, तो वाचला नाही. दाढ काढायची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी पाय धरले. ते रडले. म्हणाले, आई एक ना एक दिवस डावा हात चाचपणार, तिला कळलं तर ती जीव सोडेल.

एकच वाट आहे. आई. तिला खरं सांगायचं. परक्याच्या पोराची बोटं कुठली आई कापू देईल?

रविवार, सकाळी साडेसात

चहाला तिच्या खोलीत नेलं. थोडा वेळ आम्ही दोघंच उरलो. सगळं सांगितलं. मी तो नाही. माझी बोटं वाचवा.

ऐकून घेतलं तिने. डावा हात मागितला. एकेक बोट चाचपलं, हळू.

म्हणाली, तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. धाकटा गेला तेव्हा ती उशाशीच होती. थोरल्याला वाटतं तिला कळलेलं नाही, आणि त्या एका समाधानावर तो जगतो. त्याचं मन मोडवत नाही तिला.

मी म्हटलं, मग मी? माझ्या हाताचं—

तिने गालावरून हात फिरवला. थोडं सोस, म्हणाली. त्याच्यासमोर मात्र तिला कळलंय असं बोलू नकोस.

पुन्हा माडीवर. कडी.

पावणेआठ

जिन्यात पावलं. दादा, ट्रकवाला, डॉक्टर. वहिनींनी पाणी तापवलंय.

दादांनी दार उघडून बघितलं. विचारलं, लिहायचं झालं का. घाई नाही म्हणाले. माझ्याकडे पाठ करून उभे आहेत.

झालं नाही. लिहितोय तोवर ते थांबतायत. म्हणून लिहितोय. काहीही. भिंत पांढरी आहे. खाली करवत सुरू झाली. मी अजून लिहितोय, ही ओळ, आणि ही, आणि