चौदा खुर्च्या

सोमवार, ४

आजच्या सत्तेचाळीस डिस्चार्जपैकी एकेचाळीस! सकाळी अकराच्या आत एकेचाळीस खाटा हिरव्या. आजवरचा उच्चांक.

बोर्डावर भरलेली खाट लाल दिसते, रिकामी झाली की हिरवी. पूर्वी डिस्चार्ज मिळालेला पेशंट कागद आणि औषधं हातात येईपर्यंत खाटेवरच बसून राहायचा आणि खाली तातडीच्या विभागात माणसं स्ट्रेचरवर ताटकळायची. मी जिन्याखालच्या खोलीत चौदा खुर्च्या टाकल्या. डिस्चार्ज लिहिला की पेशंट खुर्चीवर आणि खाट हिरवी. खोलीचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे. सगळे तिला फलाट म्हणतात.

संचालक खूश. 'उद्या फोटोवाला येतोय, बोर्डासमोर उभे राहा.' सहा रुग्णालयांचं कामकाज बघायची जागा रिकामी आहे, हे ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. शिवाय पुढच्या मंगळवारी नव्या भरतीपुढे माझं भाषण ठेवलंय – 'माझी वाटचाल आणि नेतृत्वाचे पाच धडे'. पाचच का, कोण जाणे.

बायको म्हणाली, "फोटोला निळा शर्ट घाल. पांढऱ्यात तू भिंतीत मिसळून जातोस."

मंगळवार, ५

फोटो झाला.

चारच्या सुमाराला फलाटावरचे एक आजोबा खुर्चीतून उठेनात. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, 'मला वाटलं डुलकी लागलीय.' साखर पार उतरलेली. आयसीयूत हलवलं. शुद्ध नाही.

बाकी विशेष काही नाही.

बुधवार, ६

सगळ्यांना एकेक करून विचारलं. क्रम असा लागतो.

आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. आता हात थरथरतो म्हणून दुकान बंद. सकाळी वॉर्डात नेहमीप्रमाणे इन्सुलिन दिलं, थोडा नाश्ता झाला. दहा चाळीसला डिस्चार्ज. खाट हिरवी, आजोबा खुर्चीवर. मुलगी कामावरून सुटून चारला न्यायला येणार होती. म्हणजे दुपारचं जेवण इथेच व्हायला हवं होतं.

स्वयंपाकघराच्या मुकादमाला विचारलं, ताट का गेलं नाही? तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, ताट खाटेच्या नंबरावर जातं. खाट हिरवी, तर ताट नाही. ताटं वाया जातात म्हणून तुम्हीच तर तसं करायला लावलंत!"

म्हटलं, "बरोबर."

खरंच बरोबर आहे. अंगात इन्सुलिन होतं, पण खाट नव्हती, म्हणून ताट नव्हतं. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं होतं.

मला काहीतरी वाटायला हवं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो तसं झालंय. आहे, पण आपला नाही.

गुरुवार, ७

संचालकांनी बोलावलं. टेबलावर फलाट सुरू करतानाचा माझा आदेश. त्यात एक रकाना आहे – खुर्चीवरच्या पेशंटकडे कोणी बघायचं? तिथे मी लिहिलंय : 'संबंधित वॉर्ड'.

मी त्या खोलीसाठी एक नर्स मागितली होती. मिळाली नाही. उद्घाटनाची तारीख तर ठरलेली. रकाना रिकामा ठेवून चालणार नव्हतं, म्हणून भरला. वॉर्डात जाऊन कोणाला समजावून सांगितलं नाही. त्या दिवशी आजोबांच्या वॉर्डात असली बारा पत्रकं गेली आणि मोठ्या सिस्टरांनी बाराही पत्रकांवर सह्या केल्या.

"सही त्यांची आहे ना? मग प्रश्नच मिटला," संचालक म्हणाले. सोमवारी दहाला चौकशी. मी फक्त सिस्टरांवरच्या ठपक्याला आदेशाची प्रत जोडून 'योग्य' एवढा शेरा मारायचा. मोठ्या सिस्टरांना निवृत्तीला चार महिने उरलेत. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर बडतर्फी. खापर फोडायला माथं तयार आहे, मला फक्त ते दाखवायचंय.

'बघतो' म्हणालो. नाही म्हणालो नाही.

शुक्रवार, ८

भाषणाची तयारी. पहिला धडा : आकड्यांवर विश्वास ठेवा. लिहिला, खोडला, परत लिहिला.

वाटचाल म्हणून काय सांगू? बावीस वर्षांपूर्वी मी इथे चादरी मोजायला लागलो. खाट रिकामी झाली की मळकी चादर काढायची, धुतलेली घालायची. पहिल्याच आठवड्यात मोठ्या सिस्टरांनी मला भर वॉर्डात झापलं होतं. तेव्हा त्या मोठ्या नव्हत्या, नुसत्याच सिस्टर होत्या. 'खाट रिकामी म्हणतोस? आधी गादीवर हात ठेव. गरम लागली तर माणूस अजून जिन्यात असेल. काय विसरलाय ते बघ आणि पळ!'

मग मी पळायचो. चष्मे, कवळ्या, कानातली यंत्रं. एकदा तर एक बाई चक्क नवऱ्याला विसरून चालली होती, तो संडासात होता. त्या वर्षी मी दिवसाला पन्नासदा जिना उतरलो असेन. कारकून, मग पर्यवेक्षक, मग खाटांचा व्यवस्थापक, मग या रुग्णालयाचं सगळं कामकाज. दर बढतीला जिना थोडा कमी होत गेला. आता माझ्या खोलीत बोर्ड आहे, तिथे बसून सगळं दिसतं. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, पण उंट मोठा झकास.

हा धडा भाषणात बसत नाही.

शनिवार, ९

मोठ्या सिस्टर स्वतःच माझ्या खोलीत आल्या. कधी येत नाहीत. चहा मागवला. मला वाटलं रडतील, भांडतील. छे! बसल्या-बसल्या आधी माझ्या टेबलावरची धूळ पुसली.

"सही मी केली, हे खरं. वाचलं नाही, हेही खरं. तेवढं मी कबूल करणार आहे," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांग. पाच तास, रे. पाच तासांत त्या खोलीत कोणी एकदाही डोकावलं नाही?"

"मला काय माहीत," म्हणालो.

"तू तरी काय करणार. तू तर वर असतोस." मग उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "शर्टाचं बटण लाव वरचं. साहेब झालास ना आता!"

चहा निवला होता. प्यायलो.

घरी बायको कपडे धुवायला काढत होती. "निळा कुठे गेला?" म्हटलं, "असेल कुठेतरी." कपाटात रजयांच्या खाली मीच कोंबलाय.

रविवार, १०

आजोबा शुद्धीवर आले!

फोन आला तसा गेलो. ते डोळे मिटून पडले होते, बाहेर मुलगी बसली होती. घड्याळ दोन हातांत धरून, वडिलांचंच असावं. मी कोण ते सांगितलं. ती पटकन उठून उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"साहेब, तुम्ही तरी शोधून काढाल का? बाबा सारखं एकच सांगतायत. एक निळ्या शर्टातले साहेब दारावरून चालले होते. बाबांनी त्यांना हाक मारली. म्हणाले, इन्सुलिन घेतलंय, ताट आलं नाही. तर ते म्हणाले, पाच मिनिटांत पाठवतो. बाबा म्हणतात, म्हणून मी दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. साहेब स्वतः म्हणालेत, तर येईलच."

"निळे शर्ट पुष्कळ असतात इथे," म्हणालो.

घरी येऊन ही वही उघडली. मंगळवारी लिहिताना 'विशेष काही नाही' लिहिलं, तेव्हाही मला ठाऊक होतं. या वहीपुढेसुद्धा मूग गिळून बसलो.

बारा वीसला मी जिन्याखालून चाललो होतो. फोटोवाला वर थांबला होता. पाच मिनिटांत पाठवतो असं म्हणालो आणि ते खरंच पाठवायचं होतं. दोन जिने चढेपर्यंत लक्षात होतं. मग संचालकांनी खांद्यावर हात ठेवला, जरा डावीकडे, हसा, आणखी एक. फोटो झाल्यावर ते मला जेवायला घेऊन गेले. मी पोटभर जेवलो.

माझी मलाच लाज वाटते. आज पहिल्यांदा वाटतेय, पाच दिवसांनी.

सोमवार, ११

रजयांखालून निळा शर्ट काढला. चुरगळलेला. तसाच घातला.

नऊ वाजता आजोबांच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिलो. मोठ्या सिस्टर त्यांना पेज भरवत होत्या, ड्यूटी नसताना. मुलगी पायाशी. आजोबांनी डोळे बारीक करून शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा उजळला.

"आलात होय! पाच मिनिटं म्हणाला होतात."

"हो," म्हणालो. "तो मीच."

सिस्टरांच्या हातातला चमचा थांबला. चौकशी दहाला होती, वर संचालकांकडे. तिथून दोन्ही जिने चढून तसाच गेलो.